भृंगराजाची उसनी शीळ

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा डोंगरांना नावं पडायची होती आणि ओढे आपापल्या मर्जीनं वाहत होते. मुलांनो, तुम्ही ऐकाच. आणि मुलांना पुढे करून मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका. ही गोष्ट खरं म्हणजे तुमच्यासाठीच आहे.

एका दाट रानात एक ओढा होता. रानाच्या मधोमध तो एका उंच कातळावरून खाली उडी घेत असे. त्या पडत्या पाण्याच्या मागे, दगडाच्या कपारीत, एक कस्तूर पक्षी आपल्या बायकोबरोबर राहत होता.

कस्तुराला पहिल्यांदा पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा? एवढंच? सावलीत बसला की तो चुलीमागच्या भिंतीसारखा काळा दिसे. चोच काळी, पाय काळे. पण पानांतून उन्हाचा कवडसा ओढ्यावर पडला आणि हा उड्या मारत त्यात शिरला, की त्याच्या कपाळावर आणि खांद्यांवर गर्द निळा रंग चमकून जाई. पुन्हा सावलीत गेला की पुन्हा काळा. त्याला स्वतःला त्याचं काही वाटत नसे. ओल्या दगडांवर टुणटुण उड्या माराव्यात, थांबलं की शेपटी पंख्यासारखी उघडावी आणि मिटावी, दगडाखालून खेकडा ओढून काढावा आणि कातळावर आपटून आपटून खावा, असा त्याचा दिवस जायचा. खेकडा आपटताना त्याला कुणी बघितलं असतं, तर हा गवई आहे यावर विश्वास ठेवला नसता.

पण गवई तो होता. उजाडायच्या सुमारास तो कातळावर येऊन बसे आणि शीळ घाली. शेताकडे निघालेला पोर आपल्याच नादात शीळ घालतो ना, अगदी तशी. सुरू व्हायची, वर चढायची, मधेच काहीतरी विसरल्यासारखी थांबायची आणि पुन्हा भलतीकडूनच सुरू व्हायची. एक चाल म्हणून धड पुरी होत नसे. तरी ती ऐकायला सगळं रान गप्प व्हायचं. एरवी क्षणभर तोंड न मिटणाऱ्या सातभाईंची टोळीसुद्धा एका फांदीवर दाटीवाटीनं बसून ऐकत राहायची. शेकरू हातातलं फळ तसंच धरून बसायची.

याच रानात एक भृंगराज होता, आणि त्याला हे बघवत नव्हतं.

आता भृंगराजात काय कमी होतं, सांगा. अंगावर काळ्या रेशमासारखी चकाकी. कपाळावर ऐटदार तुरा. शेपटीतून दोन लांब तारा निघालेल्या आणि त्यांच्या टोकांना पिसांच्या दोन चकत्या. तो उडाला की त्या चकत्या त्याच्यामागून दोन भुंग्यांसारख्या धावायच्या. शिवाय नकला करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. बुलबुलाचा आवाज काढून तो बुलबुलाच्या बायकोला फसवी. धनेशाचा आवाज काढून धनेशाच्या पिल्लांना बोलवी आणि मग पोट धरून हसे.

आणि मुख्य म्हणजे रानाचा पहारा त्याच्याकडे होता. त्या रानाची रीतच होती तशी. सकाळी बुलबुल, सातभाई, हळद्या, सगळे मिळून खायला निघत आणि भृंगराज वरच्या फांद्यांवरून त्यांच्याबरोबर जाई. पिल्लं उचलून नेणारा शिक्रा दिसला की तो आपल्या खरखरीत, कर्कश आवाजात ओरडे, फुटक्या भांड्यावर दगड घासल्यासारखा. तो ओरडला की सगळ्या रानानं ओरडायचं आणि सगळ्यांनी मिळून शिक्र्यावर तुटून पडायचं. एकट्यादुकट्याला शिक्रा भीत नाही, पण आख्खं रान अंगावर आलं की तो काढता पाय घेतो. त्या ओरडण्यानं किती पिल्लं वाचली असतील, देव जाणे.

पण भृंगराजाच्या मनात काय होतं? ‘मी ओरडलो की हे शिक्र्यामागे धावतात, आणि तो गायला की हे थांबतात. माझा आवाज ऐकून आजवर कुणी थांबलं आहे का?’

एकदा हा विचार मनात शिरला आणि मग तो काही केल्या बाहेर पडेना. सकाळी कस्तुराची शीळ सुरू झाली की भृंगराजाच्या पोटात दुखायला लागे. तो फांदीवर पाठ करून बसे, पण कान मात्र तिकडेच. कुणी म्हणालं, ‘आज काय गोड गायला!’ की याच्या नाकाला मिरच्या झोंबत. हेवा हा असा असतो बघा. ज्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवावं, दिवसभर त्याच्याचकडे बघायला लावतो.

शेवटी एके दिवशी तो ओढ्यावर गेला. कस्तूर खेकडा आपटत होता.

“काय कस्तूरभाऊ, बरं चाललंय ना?”

“या, या, दादा! खेकडा घेता का? आज मोठे मिळालेत.”

“नको. एक विचारायचं होतं. तू शीळ घालतोस, ती शिकलास कुठं?”

कस्तूर गोंधळला. “शिकायचं काय त्यात? इथं पाण्याचा आवाज भारी. बायको कपारीत, मी बाहेर. साधी हाक मारली तर तिला ऐकूच जात नाही. म्हणून जरा उंच काढतो. तिला कळतं, मी आहे.”

“बस? एवढंच?”

“एवढंच की. का हो दादा?”

भृंगराज तडक उडून गेला. त्याला वाटलं, हा आपली विद्या लपवतोय. खरं सांगणाऱ्यावर चिडावं लागलं की माणूस त्याला लबाड ठरवतो, आणि पक्षीही तसंच करतात.

त्या दिवसापासून भृंगराज शीळ शिकायला लागला. कस्तूर गायचा तेव्हा पानांआड लपून ऐकायचा आणि दुपारी दरीच्या टोकाला जाऊन घोटायचा. नकलाकार तो अस्सल होता, त्यामुळे शीळ त्याच्या गळ्यात लवकर बसली. चढणं, अडखळणं, मधेच थांबणं, सगळं जसंच्या तसं. पण ओढ्याच्या कातळावर कस्तूर बसलेला असताना ही शीळ ऐकवायची कुणाला?

मग त्यानं जे केलं ते सांगतानाही मला त्याचा राग येतो. पडत्या पाण्याशेजारच्या झाडीत लपून तो शिक्र्याचा आवाज काढू लागला. आज काढला, उद्या काढला, परवा पुन्हा. कस्तुराच्या बायकोनं नुकतंच कपारीत शेवाळ आणि मुळं चिखलात बसवून घरटं लिंपायला घेतलं होतं. ती भेदरून गेली. कस्तूर बिचारा सरळ पहारेकऱ्याकडेच आला.

“दादा, आमच्या कपारीजवळ शिक्रा बोलतोय. तुम्ही वरून सगळं बघता. खरंच आहे का हो तो तिथं?”

भृंगराजानं तुरा ताठ केला. “आहे ना. मी स्वतः पाहिला. तुझ्या जागी मी असतो तर थांबलो नसतो. बायको अंड्यावर आलेली, उगाच कशाला जिवाशी खेळ?”

“असं म्हणता? मग जातो वरच्या धबधब्याकडे. तुमचे उपकार झाले, दादा.”

आणि अर्धं लिंपलेलं घरटं मागे ठेवून ती दोघं निघून गेली. जाताना कस्तुराची बायको वळून वळून कपारीकडे बघत होती. भृंगराजानं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो ओढ्याजवळच्या झाडीत बसला आणि त्यानं शीळ घातली. काय सांगू, रान गप्प झालं! सातभाई दाटीवाटीनं बसले, शेकरू फळ खायची थांबली. भृंगराजाचं मन आनंदानं भरून आलं. इतकी वर्षं ज्यासाठी जीव जळत होता ते मिळालं होतं. शीळ संपवून तो कान देऊन बसला.

“अगं बया, काय गायला आज कस्तूर!” एक सातभाई म्हणाली.

“कस्तुराची सर कुणाला नाही बाई,” दुसरी म्हणाली.

भृंगराजाचा तिळपापड झाला. गळा याचा, कष्ट याचे, आणि नाव त्याचं! तो तसाच उडत बाहेर आला आणि उघड्या फांदीवर बसला. “कस्तूर नव्हे, मी! मी गात होतो!” असं म्हणून त्यानं सगळ्यांसमोर पुन्हा शीळ घातली.

सगळे आ वासून बघत राहिले. मग बुलबुल मनापासून म्हणाला, “कमाल आहे दादा तुमची! अगदी हुबेहूब कस्तूर!”

हुबेहूब. मुलांनो, कौतुकाचाच शब्द आहे हा. पण भृंगराजाला तो काट्यासारखा लागला. कपार सोडून गेलेला कस्तूर त्या एका शब्दात पुन्हा येऊन कातळावर बसला होता. आता आपण असं गायला हवं, की कस्तुराची कुणाला आठवणच येता कामा नये, असं भृंगराजानं मनाशी ठरवलं.

मग काय, उठता बसता शीळ. शीळ घालून तो सकाळी उठे, शीळ घालून बायकोला हाक मारी, चिडला तरी शीळ आणि भूक लागली तरी शीळ. आपला जुना कर्कश आवाज त्यानं टाकूनच दिला. म्हणे त्यानं घसा खराब होतो! सकाळी सगळे खायला निघाले की तो त्यांच्यावर लक्ष ठेवायच्या ऐवजी डोळे मिटून ताना घेत बसे. एकदा खालच्या गवतातून रानमांजर आलं. भृंगराजानं ते बघितलं, ओरडायला तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती शीळच. नशिबानं शेकरूनं मांजर पाहिलं आणि ती ओरडली. भृंगराज क्षणभर दचकला. पण मग त्याला त्याचं हसूच आलं. इतकी मुरली आपल्यात शीळ, असं म्हणून तो उलट खूश झाला.

त्या रानात एक म्हातारा धनेश होता. भली मोठी चोच आणि थकलेले पंख. एक दिवस तो भृंगराजाकडे येऊन बसला.

“बाळा, तुझं ते ओरडणं बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही.”

“ते कसलं ओरडणं, आजोबा! त्याला कुणी वा म्हणत होतं का?”

“वा कोण म्हणणार? शिक्र्याला हाकलण्यातून वेळ मिळायला नको का? पण वाचले ना सगळे?”

“तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही,” भृंगराज फणकारला.

धनेशानं मान हलवली. “मला वाटतं, बघवत नाही हा आजार तुला झालाय. सांभाळ.” एवढं बोलून तो जडशा पंखांनी निघून गेला.

दरम्यान उंच झाडाच्या टोकाच्या बेचक्यात भृंगराजाच्या घरट्यात पिल्लं मोठी होत होती. त्यांच्या कपाळांवर अजून तुरा नव्हता आणि शेपट्या आखूड होत्या. सगळ्यांत थोरलं घरट्याच्या काठावर उभं राहून पंख फडफडवून बघायला लागलं होतं. त्याला बापाचं भारी कौतुक होतं. बाप शीळ घालायला लागला की ते मान तिरकी करून ऐकायचं.

एका सकाळी भृंगराजाची बायको म्हणाली, “मी चारा आणायला जाते. पिल्लांकडे लक्ष द्या. थोरलं काठावर येतंय सारखं. आणि ती शीळ जरा बाजूला ठेवा, ऐकताय का?”

“ऐकतोय, ऐकतोय. जा तू.”

ती गेली. ऊन छान पसरलं होतं. खाली सगळे पक्षी खाण्यात रमले होते. भृंगराज घरट्याजवळच्या फांदीवर बसला आणि एक अवघड जागा घोळवू लागला, जिथे कस्तूर वर चढता चढता थांबत असे. थोरलं पिल्लू काठावर येऊन मान तिरकी करून बसलं.

तेवढ्यात खोडांच्या मधून, अगदी खालून, काहीच आवाज न करता शिक्रा आला.

भृंगराजानं त्याला पाहिलं. त्याचे पिवळे डोळे घरट्यावर लागलेले पाहिले. त्यानं सगळा जीव एकवटून हाक दिली.

आणि गळ्यातून शीळ निघाली.

इतकी उंच, इतकी आर्त शीळ त्या रानानं आजवर ऐकली नव्हती. खाली बुलबुल चोचीतला किडा तसाच धरून थांबला. सातभाई सरकून सरकून एकमेकांना चिकटले. शेकरूनं डोळे मिटले. भृंगराज पुन्हा ओरडला, पुन्हा शीळ. तो जितका घाबरला तितकी ती उंच चढली, जितका रडवेला झाला तितकी गोड झाली. सगळं रान मान तिरकी करून ऐकत राहिलं, आणि एक पान हललं नाही.

भृंगराजानं शिक्र्यावर झेप घेतली. भित्रा तो नव्हता, ते श्रेय त्याला दिलंच पाहिजे. पण एकट्याला शिक्रा भीत नाही. शिक्र्याच्या पंखाचा फटका त्याच्या तोंडावर बसला, तो भेलकांडत फांदीवर आपटला, आणि उठून बघतो तो काठ मोकळा होता. थोरल्याला घेऊन शिक्रा दरीकडे निघून गेला होता. उरलेली पिल्लं घरट्याच्या तळाशी एकमेकांत तोंडं खुपसून बसली होती.

तेव्हा कुणीतरी धापा टाकत येऊन शेजारच्या फांदीवर उतरलं. पंख ओले, अंग काळं. उन्हात बसला म्हणून खांद्यावर निळा रंग चमकत होता. तो कस्तूर होता.

“काय झालं, दादा? शीळ माझी होती, पण मी कधी अशी घातली नाही. मला वाटलं, कुणी तरी हाक मारतंय. धावत आलो, पण वरचा धबधबा लांब पडला.” मग त्याची नजर घरट्याच्या रिकाम्या काठावर गेली.

भृंगराजानं त्याच्याकडे पाहिलं. ज्याला शिक्र्याची भीती घालून घालवलं, तोच एकटा आला होता. मान वर करायची त्याला लाज वाटली. “शिक्रा नव्हता रे तुझ्या कपारीजवळ,” तो पुटपुटला. “मीच होतो.”

कस्तुरानं घरट्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाला, “ते नंतर बोलू. आधी पिल्लांजवळ बसा. मी वहिनींना शोधून आणतो.” आणि तो उडाला.

इकडे खालचे सगळे पक्षी वर येऊ लागले. घरट्यात काय झालं ते पानांआडून त्यांना दिसलं नव्हतं. बुलबुलाचे डोळे भरून आले होते.

“दादा,” तो म्हणाला, “आज तुम्ही जे गायलात ते दुसरं कुणी गाऊच शकत नाही. खरं सांगतो, आज कस्तुराची आठवणसुद्धा झाली नाही.”

भृंगराजानं उत्तर द्यायला चोच उघडली. पुन्हा शीळच येईल या भीतीनं त्यानं ती तशीच मिटली आणि तो रिकाम्या काठाकडे बघत बसला.

ऐकलंत ना? मग लक्षात ठेवा: दुसऱ्याचा हेवा करत जो आपलं मोलाचं टाकून देतो, त्याला हवी ती वाहवा मिळते, पण ती मिळते तेव्हा तिचा आनंद घ्यावा असं त्याच्याकडे काही उरलेलं नसतं.